रंगशाळेतील तापमानाचे नियंत्रण

सुरतेची पॉलिस्टर साडी महाराष्ट्रात खेडोपाडी नेसली जाते आणि सुरतेच्या कापड उद्योगात खानदेशातून गेलेले कामगारही पुष्कळ आहेत. साडीचा रंग एकसारखा बसणे आणि यंत्रापाशी उभा असलेला कामगार सुरक्षित राहणे, या दोन्ही गोष्टी तापमानाच्या अचूक नियंत्रणावर अवलंबून असतात.

पॉलिस्टरचा तंतू घट्ट बांधणीचा असतो. सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ही बांधणी सैल होऊ लागते व रंग आत शिरतो. याकरिता कापडासह रंगाचे पाणी बंद पात्रात १३० अंशांपर्यंत तापवितात. मिनिटाला एक अंश या गतीने ८० पासून १३० अंशांपर्यंत जाण्यास ५० मिनिटे लागतात. घाई झाल्यास रंग कोठे गडद, कोठे फिका बसतो आणि तागा वाया जातो.

ठरलेले तापमान येताच वाफेची झडप बंद करावयाची व ते उतरताच उघडावयाची, ही सर्वांत सोपी रीत होय. परंतु झडप बंद झाल्यावरही तापलेल्या नळ्यांतील उष्णता पाण्यात उतरत राहते. चुलीतील लाकूड ओढल्यावरही निखाऱ्यांवर दूध उतू जाते, तसाच हा प्रकार आहे. जाणती गृहिणी दूध वर येऊ लागण्यापूर्वीच लाकूड मागे ओढते. नियंत्रकासही हीच दूरदृष्टी द्यावी लागते.

ती देणारी आज्ञावली नियंत्रकात कायम साठविलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. प्रचलित पी.आय.डी. पद्धतीत ती तीन गोष्टी पाहून झडप किती उघडावी हे ठरविते : आता किती अंशांचा फरक आहे, मागील फरकांची बेरीज किती झाली आणि फरक कोणत्या वेगाने बदलत आहे. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसंबंधी केलेल्या विवेचनात या पद्धतीची गणिती मांडणी आढळते.

तथापि तीतही एक उणीव राहते. थंड पाणी तापत असताना झडप पूर्ण उघडी असूनही फरकांची बेरीज फुगत जाते आणि इष्ट तापमान आल्यावरही तीच झडप उघडी ठेवते. यास्तव झडप पूर्ण उघडी असेपर्यंत ही बेरीज थांबवावी. तसेच १३० अंशांचे लक्ष्य एकदम न देता मिनिटागणिक चढते द्यावे.

१३० अंशांवर पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अडीच पटींहून अधिक असतो. तापमापक जागेवरून निसटला, तर नियंत्रकास पात्र थंडच भासते व तो उष्णता देत राहतो. म्हणून झडप उघडी असूनही ठरावीक वेळात तापमान वाढले नाही, अथवा अशक्य आकडा दिसला, तर आज्ञावलीने वाफ बंद करून धोक्याची घंटा वाजवावी. मात्र आज्ञावली हा एकमेव पहारेकरी नव्हे. स्वतंत्र सुरक्षा-झडप आणि दाब पूर्ण उतरेपर्यंत झाकण उघडू न देणारी कळ ही हवीतच.

घंटा वाजल्यावर ती नुसती बंद करून काम पुढे रेटू नये. कारण शोधून मगच यंत्र पुन्हा सुरू करावे. त्यातच कापडाचे आणि कामगाराचे हित आहे.