फाशी, सुटका, जन्मठेप : एकाच खुनाचे तीन निकाल

भिलाईचे कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्या खुनातील आरोपीला एका कोर्टाने फाशी सुनावली, दुसऱ्याने निर्दोष सोडले, तिसऱ्याने जन्मठेप दिली. पुरावा तोच, माणूसही तोच. मग फाशीचा दोर कोणत्या निकालाच्या भरवशावर ओढायचा?

भिलाईचा सेक्टर २ म्हणजे पोलाद कारखान्याची वसाहत. रशियाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे नोकरीला आली. मराठी माणूसही आला. त्याला हा मुलूख परका नव्हता. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. कारखान्यातल्या कायम कामगाराला क्वार्टर मिळाले, मुलांना शाळा मिळाली, आजारपणात इस्पितळ मिळाले.

पण भिलाईला दुसरीही बाजू होती. मोठ्या कारखान्याच्या आधाराने इथे खासगी उद्योग वाढले. त्यात हजारो माणसे ठेकेदाराच्या हाताखाली राबत होती. आज काम, उद्या घरी. या माणसांची बाजू घेऊन नियोगी १९९० मध्ये भिलाईत उभे राहिले.

खिडकीतून आलेली गोळी

नियोगी मूळचे बंगाली. तरुणपणी भिलाईच्याच पोलाद कारखान्यात नोकरीला लागले आणि युनियनच्या कामापायी नोकरी गमावून बसले. मग दल्ली राजहराच्या लोहखाणीत त्यांनी मजुरांची संघटना बांधली. ती नुसती पगारवाढ मागणारी संघटना नव्हती. तिने दारूबंदीची चळवळ चालवली आणि १९८३ मध्ये मजुरांच्या वर्गणीतून ‘शहीद हॉस्पिटल’ उभे केले. भिलाईत त्यांची मागणी साधी होती : जगण्यापुरते वेतन द्या, कायम करा, काढून टाकलेल्यांना परत घ्या.

सप्टेंबर १९९१ मध्ये ते कामगारांना घेऊन दिल्लीला गेले आणि राष्ट्रपती व्यंकटरामन यांना भेटले. आपल्या जिवाला धोका आहे, हे त्यांना ठाऊक होते. तशी भीती त्यांनी एका कॅसेटमध्ये बोलूनही ठेवली होती. २८ सप्टेंबरच्या पहाटे भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरात ते झोपलेले असताना खिडकीतून गोळी झाडण्यात आली. वय अवघे ४८ वर्षे.

संतापाची लाट उसळली. आंदोलन थांबले नाही. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्टेशनवर रेल्वेमार्ग अडवून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि १६ कामगार मारले गेले.

आठ वर्षांत तीन निकाल

खुनाचा तपास सीबीआयकडे गेला. जून १९९७ मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने निकाल दिला. गोळी झाडल्याचा आरोप असलेल्या पलटन मल्लाहला फाशी, दोन उद्योगपतींसह पाच जणांना जन्मठेप, तिघे निर्दोष. बडी माणसे दोषी ठरली म्हणून हा निकाल देशभर गाजला.

वर्षभरातच, जून १९९८ मध्ये, जबलपूरच्या उच्च न्यायालयाने सर्वांची निर्दोष सुटका केली. ज्याला फासावर लटकवायचे ठरले होते, त्याच्याविरुद्ध पुरेसा पुरावाच नाही, असे आता कायदा म्हणत होता!

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २० जानेवारी २००५ रोजी तिसरा निकाल आला. झडतीत सापडलेल्या मुद्देमालावर किती विसंबायचे, याबाबत सर्वोच्च न्यायालयाचे मत उच्च न्यायालयाहून वेगळे पडले. मल्लाह पुन्हा दोषी ठरला. मात्र त्याला फाशीऐवजी जन्मठेप मिळाली. बाकीच्यांविरुद्ध कटाचा आरोप शाबीत झाला नाही आणि त्यांची सुटका कायम राहिली. कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष आहेत.

मग नियोगींना का मारले? कोणाच्या सांगण्यावरून मारले? निकाल लागला, पण या प्रश्नाला न्यायालयातून उत्तर मिळाले नाही. असे उत्तर देऊ शकणारा एखादा माणूस असतोच. त्याला फासावर चढवले की उत्तरही त्याच्याबरोबर जाते. सुपारीच्या खुनात फाशीने नेमका कोणाचा फायदा होतो, याचा विचार फाशीची मागणी करणाऱ्यांनी जरूर करावा.

नाशिकच्या सहा जणांची गोष्ट

फाशीचे समर्थक म्हणतील, यात बिघडले काय? सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येतच नाही. वर सर्वोच्च न्यायालय आहे, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज आहे. चूक झाली तर दुरुस्त होते.

दरवेळी वेळेत होते का? नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली.

पण मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुनावणी घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. घटनेतून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंच्या संग्रहातून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्या दिशेने तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. सोळा वर्षे गेली होती. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. मधल्या काळात दोर ओढला गेला असता, तर भरपाई कोणाच्या हातावर ठेवली असती?

संताप खोटा नसतो

याचा अर्थ फाशी मागणारे सगळे क्रूर असतात, असे मुळीच नाही. १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर खूनसत्राने पुणे हादरले होते. दहा जिवांचे बळी गेले. चार तरुणांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. ते दिवस पाहिलेल्या माणसाला फाशी अन्याय वाटत नाही. २०१६ मध्ये नगर जिल्ह्यातल्या कोपर्डीच्या मुलीवर झालेल्या अत्याचारानंतर लाखो लोक मूकपणे रस्त्यावर आले. ज्याच्या घरातले माणूस गेले, त्याला ‘क्षमा करा’ असे सांगण्याचा अधिकार तिऱ्हाइताला नाही.

मात्र त्याच्या दुःखाचे औषध कोणते, हे विचारता येते. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनेला धरून आहे असे म्हटले. पण ती ‘विरळात विरळ’ प्रकरणातच द्यावी, अशी मर्यादा घातली. विरळात विरळ ठरवायचे कसे, यावर आजही एकमत नाही. विधी आयोगाने २०१५ मध्ये दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध वगळता फाशी रद्द करावी, अशी शिफारस केली. सरकारने वेगळी वाट धरली : जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फाशी आहेच, उलट जमावाने केलेल्या हत्येसारख्या गुन्ह्यांनाही ती लागू झाली आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर याबाबत स्पष्ट होते. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या प्रकरणांत अपिलाचा हक्क द्यावा का, अशी चर्चा चालली होती. त्यापेक्षा फाशीच रद्द करणे मला अधिक पसंत पडेल, असे ते म्हणाले. अहिंसा मानणाऱ्या देशाला हेच शोभेल, असा त्यांचा रोख होता.

मागायचे काय?

न्याय मागणाऱ्याने कठोर शिक्षा जरूर मागावी. पण त्याआधी नीट तपास मागावा, साक्षीदाराला संरक्षण मागावे, गरीब आरोपीला चांगला वकील मागावा आणि वेळेवर निकाल मागावा. नियोगींच्या खुनानंतर शेवटचा निकाल लागायला १३ वर्षे लागली. तेवढ्या काळात बरेच पुरावे विरून जातात.

जन्मठेप झालेला माणूस निर्दोष निघाला, तर तुरुंगाचे दार उघडता येते. गेलेली वर्षे परत येत नाहीत, पण माणूस तरी घरी येतो. नाशिकचे सहा जण आले. ते जिवंत होते म्हणूनच न्यायालयाला आपली चूक सुधारता आली. फाशीच्या बाजूने बोलताना निदान एवढे लक्षात ठेवायला काय हरकत आहे?