रेषांमागची घरं

१९९५ साली ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशासंस्थेनं वर्षानुवर्षं चाललेलं काम हातावेगळं केलं. देशाचे सुमारे २ लाख ३० हजार मोठ्या प्रमाणाचे, म्हणजे बारीक तपशिलाचे नकाशे संगणकात चढवून झाले. इतक्या बारकाईचा डिजिटल नकाशा पूर्ण करणारा हा पहिला देश. पडद्यावर लंडनची एखादी गल्ली उघडली की भिंती, कुंपणं, फुटपाथच्या कडा सगळं जागच्या जागी दिसे. संगणकाला मात्र त्यातलं एकही घर ठाऊक नव्हतं.

कारण 'लँड-लाइन' नावाच्या त्या साठ्यात मुख्यतः रेषा आणि बिंदू होते. रेषा इमारतीची आहे एवढा शिक्का तिच्यावर असे. कोणत्या इमारतीची, हे नसे. माणूस चार रेषा पाहतो आणि घर ओळखतो. यंत्राला 'या रस्त्यावर किती घरं?' असं विचारलं की ते गप्प.

त्या काळच्या इतर भौगोलिक प्रणालींनी यावर एक तोड काढली होती. अमेरिकेतल्या एस्री कंपनीच्या १९८२ सालच्या 'आर्क-इन्फो'मध्ये आकार एकीकडे, माहितीचे तक्ते दुसरीकडे आणि दोहोंना जोडणारा एक क्रमांक, अशी मांडणी होती. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ही रचना नवी वाटणार नाही: जमिनीचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात, सातबारा तलाठ्याकडे आणि दोन्हींना बांधणारा गट नंबर. जमिनीची वाटणी झाली की एक कागद बदलतो, दुसरा मागे राहतो आणि मग हेलपाटे सुरू होतात. संगणकातही दुखणं तेच होतं.

औषध नकाशाशास्त्राबाहेरून आलं. १९६०च्या दशकात ऑस्लोमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी 'सिम्युला' ही संगणकभाषा घडवली. तिच्यातली कल्पना साधी होती: माहिती आणि त्या माहितीवर चालणारी कृती वेगळी ठेवू नका, एकाच 'ऑब्जेक्ट'मध्ये बांधा. ऑब्जेक्टचे वर्ग पाडा आणि पोटवर्गाला मूळ वर्गाचे गुण वारशानं मिळू द्या.

नकाशात आणल्यावर ही कल्पना खरी खुलते ती जमिनीखाली. पाणीपुरवठ्याच्या जाळ्यातला व्हॉल्व्ह घ्या. जुन्या नकाशात तो एक ठिपका. ऑब्जेक्ट म्हणून तो 'जाळ्यातला घटक' या वर्गाचा वारस असतो, म्हणून बसवल्याची तारीख आणि जोडलेले पाइप यांच्या नोंदी त्याला आपोआप मिळतात. वर त्याचे स्वतःचे नियम असतात: आपण पाइपवरच बसू शकतो, रिकाम्या जागेत नाही, आपण बंद झालो तर पुढचा पुरवठा थांबतो. पाइप फुटला तर कोणते व्हॉल्व्ह फिरवायचे आणि कोणत्या घरांचं पाणी जाईल, हे प्रणाली जोडण्यांचा माग काढत सांगते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये उभ्या राहिलेल्या 'स्मॉलवर्ल्ड'नं 'मॅजिक' ही स्वतःची ऑब्जेक्ट-भाषा वापरून नेमकं हेच केलं. वीज, गॅस आणि टेलिफोन कंपन्यांनी ती प्रणाली उचलून धरली. २००० साली जनरल इलेक्ट्रिकनं ती कंपनीच विकत घेतली.

तरी निव्वळ ऑब्जेक्टवर चालणारे माहितीसाठे बाजारात फार पसरले नाहीत. तक्त्यांचे साठे जुने, खात्रीचे आणि जिथेतिथे बसवलेले; ते फेकून कोण देणार? तडजोड झाली. एस्रीचा 'जिओडेटाबेस' काय किंवा २००१चा मुक्त 'पोस्टजीआयएस' काय, दोन्हींच्या पोटात तक्तेच आहेत, पण आकार आता तक्त्यातच एक रकाना होऊन राहतो. जिओडेटाबेसमध्ये वर्ग आणि नियमही वर बसवता येतात. ही तडजोड शहाणपणाचीच म्हणावी लागेल. दुसरीकडे, १९९०च्या दशकातली 'शेपफाइल' ही नकाशाची जुनी फाइल-रचना आजही सर्रास फिरते, आणि तिच्यात रकान्याच्या नावाला जेमतेम दहा बाइट. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे 'ग्राम' एवढा शब्दही त्यात मावत नाही!

ऑर्डनन्स सर्व्हेनं २००१ साली 'मास्टरमॅप' आणला. लँड-लाइनच्या रेषा जोडून बंद आकृत्या केल्या, त्यांना इमारत, रस्ता, पाणी असे वर्ग दिले आणि ४० कोटींहून अधिक वस्तूंना प्रत्येकी स्वतंत्र ओळखक्रमांक दिला. घराला मागे खोली वाढवली तर क्रमांक तोच राहतो, फक्त आवृत्ती पुढे सरकते आणि बदलाचं कारण नोंदलं जातं. घर पाडून तिथं नवी इमारत उभी राहिली तर क्रमांक नवा. यामुळे नगरपालिका, विमा कंपनी आणि वीज कंपनी आपापली माहिती एकाच क्रमांकाला टांगू शकतात. पण किती बदल झाला म्हणजे वस्तू 'तीच' राहत नाही? ते कोणतीही संगणकभाषा ठरवत नाही. नियमावली लिहिणाऱ्या माणसांनाच ठरवावं लागतं.

शिवाय सगळ्याच गोष्टींना कडा नसतात. सह्याद्री नेमका कुठे संपतो? काळी माती कुठे सरते आणि मुरमाड कुठे लागते? पीटर बरो आणि अँड्र्यू फ्रँक यांनी १९९६ साली अशाच धूसर सीमांच्या भूगोलावर आख्खं पुस्तक संपादित केलं. पाऊस, तापमान, जमिनीची उंची यांच्यासाठी चौकटींची जाळीच सोयीची पडते, प्रत्येक चौकटीत एक आकडा. म्हणून पुराचा अंदाज बांधताना दोन्ही मांडण्या लागतात: पाण्याची खोली जाळीत मोजली जाते, घरं ऑब्जेक्ट म्हणून उभी असतात आणि कोणत्या घराखालच्या चौकटीत पाणी किती चढेल, याची यादी संगणक काढून देतो.