डीमनस्टीलर: मुंबईतला एकहाती मेटल कारखाना

मुंबईचा साहिल मखिजा मेटलच्या वर्तुळात 'डीमनस्टीलर' या नावाने ओळखला जातो. तो गायक, गिटारवादक, निर्माता आणि रेकॉर्ड कंपनीचा मालकही आहे, आणि यातली निम्मी कामे गरजेपोटी अंगावर आली असावीत. २००० साली त्याने 'डीमॉनिक रिझरेक्शन' हा बँड उभा केला, तेव्हा असले संगीत नीट ध्वनिमुद्रित करणारे आणि बाजारात आणणारे भारतात विरळाच होते. ध्वनिमुद्रण तो घरच्या घरी करू लागला. त्याच्या 'डीमनस्टीलर रेकॉर्ड्स'ने पुढे इतर भारतीय बँडचेही अल्बम काढले.

एक्स्ट्रीम मेटलच्या निर्मात्याची खरी कसोटी वेगाशी असते. अकोल्याच्या जुन्या शहरात श्रावणात राजराजेश्वराच्या कावडीपुढे ढोल कडाडतात, तेव्हा दोन ठोक्यांमधली जागा ऐकू येते आणि ताल तिच्यावरच तोललेला असतो. मेटलमधल्या 'ब्लास्ट बीट' या अतिवेगवान तालात ती जागा जवळजवळ उरत नाही. बेस ड्रम आणि स्नेअर मिळून सेकंदाला दहा-बारा आघात सहज होतात. त्यात खाली उतरवून लावलेल्या गिटारी, बेस आणि घशातली गुरगुर या सगळ्यांना खर्जातलीच जागा हवी असते. निर्मात्याने प्रत्येकाचा थोडा थोडा भाग कापला नाही, तर उरतो तो नुसता गडगडाट. 'डीमॉनिक रिझरेक्शन'च्या संगीतात तर कीबोर्डवरचा वाद्यवृंदही आहे.

२०१० साली आलेला बँडचा 'द रिटर्न टू डार्कनेस' हा अल्बम 'कँडललाइट रेकॉर्ड्स'ने भारताबाहेर पोचवला. त्याच वर्षी ब्रिटनच्या 'मेटल हॅमर' मासिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात बँडला पुरस्कार मिळाला. तरी बँडचे सर्वांत धाडसी काम २०१७ चा 'दशावतार' हेच म्हणावे लागेल. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गाणी, आणि गिटारींच्या भिंतीत भारतीय वाद्ये. नववे गाणे बुद्धावर आहे. वऱ्हाडातला श्रोता तिथे थबकेल, कारण १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे स्पष्ट नाकारते. महाराष्ट्रात काही ठिकाणी दशावतारांत त्या जागी विठ्ठल दिसतो. अल्बमने रूढ यादी जशीच्या तशी घेतली, एवढा भाग कमी धाडसाचा.

मधल्या काळात मखिजाने 'रेप्टिलियन डेथ' हा डेथ मेटल बँड आणि 'वर्कशॉप' हा विनोदी बँडही चालवला. 'हेडबँगर्स किचन' हा त्याचा पाककृतींचा कार्यक्रम कीटो आहारामुळे मेटल कधीच न ऐकणाऱ्यांपर्यंत गेला.

स्वतःच्या नावावरच्या अल्बमांत त्याची निर्मितीची पद्धत उघड दिसते. २०१६ च्या 'धिस बर्डन इज माइन'वर ड्रम वाजवले ते 'नाइल' या अमेरिकी बँडच्या जॉर्ज कोलियास या ग्रीक वादकाने. २०२३ च्या 'द प्रोपगंडा मशीन'वर एक नाही, चार ड्रमवादक आहेत, आणि बेसवादकही निरनिराळे. प्रत्येकाचा हात वेगळा, स्नेअरचा नाद वेगळा. तरीही अल्बम एकाच बँडचा वाटावा, हे निर्मात्याच्या मिश्रणाचे काम. त्यातली गाणी अवतारांवर किंवा राक्षसांवर नाहीत. ती अपप्रचारावर आणि माणसांत फूट पाडणाऱ्या राजकारणावर आहेत.