नावाविना मत

दिवाळीच्या सुमारास अंबिया बहाराची संत्री बाजारात येऊ लागली, की मला एक जुनी बैठक आठवते. वाडीहून अमरावती रस्त्याने मी तेव्हा रोज कामावर जात असे. संशोधनात नवखी होते. बैठकीचा विषय होता फळगळ. तोडणीआधी किती फळे गळतात, याचा अंदाज जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने द्यायचा होता. वरिष्ठांनी आरंभीच एक आकडा सांगितला. माझ्या वहीतला आकडा त्याच्या दुप्पट होता. काटोलकडच्या भारी जमिनीतल्या बागा मी पाहून आले होते. पण ‘सर म्हणतात ते बरोबर’ अशी री एकेकाने ओढली आणि मीही गप्प बसले. इतिवृत्तात ‘एकमत’ असे नोंदले गेले.

खरे एकमत आणि भिडेखातर दिलेला होकार यांत फरक कसा करायचा? अमेरिकेतील रँड संस्थेत नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी यासाठी जी रीत घडवली, ती ‘डेल्फी पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९५१ मध्ये त्यांनी सात तज्ज्ञांना एक भयंकर प्रश्न विचारला: अमेरिकेचे शस्त्रोत्पादन ठरावीक प्रमाणात घटवायला शत्रूला किती अणुबाँब लागतील? पहिल्या फेरीत उत्तरे ५० पासून ५००० पर्यंत पसरली होती. पाच प्रश्नावल्यांनंतर ती १६७ ते ३६० यांदरम्यान आली. प्रयोग गोपनीय असल्याने त्याची हकीकत १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली.

रीत साधी आहे. तज्ज्ञ समोरासमोर बसत नाहीत. कोणते मत कोणाचे, हे एकमेकांना कळत नाही. प्रत्येक जण प्रश्नावली भरून देतो. संयोजक सर्व उत्तरांचा मध्यक आणि पसारा काढून, कारणांसह, सर्वांकडे परत पाठवतो. ते पाहून ज्याला आपले मत बदलायचे असेल त्याने बदलावे. टोकाचे मत कायम ठेवणाऱ्याने कारण लिहावे. अशा दोन-तीन फेऱ्या होतात. भारतात १९९६ च्या ‘टेक्नॉलॉजी व्हिजन २०२०’ अहवालांसाठी टायफॅकनेही तज्ज्ञांची मते प्रश्नावलीतून गोळा केली होती. अध्यक्ष होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम.

आमची ती बैठक या रीतीने झाली असती, तर माझा आकडा सर्वांपासून दूर पडला असता आणि मला कारण विचारले गेले असते. ‘भारी जमिनीत पाणी साचते, मुळे कुजतात, फळे गळतात,’ एवढे वाक्य माझ्या नावाविना सर्वांपुढे गेले असते. ते वाक्य कोणा कनिष्ठेचे आहे, हे कळले नसते. म्हणून कदाचित वाचले गेले असते.

मात्र या रीतीवरही आंधळा विश्वास ठेवू नये. हॅरोल्ड सॅकमन यांनी १९७० च्या दशकात रँडमध्येच तिच्यावर कठोर टीका केली. मध्यक पाहून माणसे त्याच्याकडे सरकतात ती पटल्यामुळे, की कंटाळल्यामुळे? म्हणून किती टक्के सहमतीला एकमत म्हणायचे, हे आधीच ठरवावे आणि उरलेली मतभिन्नता अहवालात छापावी. शिवाय सर्व तज्ज्ञांनी निचऱ्याच्या जमिनीतल्याच बागा पाहिल्या असतील, तर दहा फेऱ्यांनंतरही उत्तर चुकेलच. तज्ज्ञ कोणाला म्हणायचे, हा प्रश्न पहिल्या प्रश्नावलीच्याही आधीचा आहे. आज मी ती यादी केली, तर तिच्यात काटोलचा बागायतदार असेल.

ती वही अजून माझ्याकडे आहे. इतिवृत्तात मात्र तिच्यातला आकडा नाही.