तळ्याच्या तळावरची गावं

भोपाळहून नर्मदापुरमकडे जाताना मंडीदीप लागतं. आज तिथे कारखाने उभे आहेत. परंपरा सांगते की एके काळी हे तळ्यातलं बेट होतं. अकराव्या शतकात परमार राजा भोजाने बेतवेचं पाणी अडवलं. त्यातून झालेलं तळं अडीचशे चौरस मैलांवर पसरलं असावं, असा अंदाज १८८८ साली विल्यम किनकेड या ब्रिटिश अधिकाऱ्याने मांडला.

ते तळं आता नाही. त्याच्या तळावर आज गावं नांदतात.

या परिसरातलं सगळ्यांना माहीत असलेलं गाव भोजपूर. भोपाळपासून २८ किलोमीटर, रायसेन जिल्ह्यात, बेतवेच्या काठी. बाहेरचे लोक येतात ते अपुऱ्या राहिलेल्या शिवमंदिरासाठी. आतलं एकसंध दगडाचं लिंगच साडेसात फूट उंच आहे. पण थोडं बाजूला जाऊन पायाखालचा खडक बघावा. कारागिरांनी मंदिराचे खांब, शिखर, भिंतींची मापं त्या खडकावरच रेषांनी कोरून ठेवली आहेत. वर दगड चढवण्यासाठी रचलेली मातीची उतरणही मंदिरामागे शाबूत आहे. जवळच जुन्या बांधाचे अवशेष आहेत: मधे माती, दोन्ही अंगांना चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले प्रचंड चिरे.

तळं भरायला बेतवेचं पाणी पुरेना, तेव्हा कालिया नावाच्या गोंड सरदाराने एक लपलेली नदी दाखवली आणि तिला कलियासोत नाव पडलं, अशी कथा आहे. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने बांध फोडला असं मानतात. गोंडांच्या सांगण्यानुसार फोडायला तीन महिने लागले, तळं रिकामं व्हायला तीन वर्षं, आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला तीस.

आज या गावांचं वर्ष काळ्या मातीच्या कलाने चालतं. ही माती पावसाचं पाणी धरून ठेवते. म्हणून जुन्या रिवाजात माळव्यातली पुष्कळ शेतं पावसाळाभर पड ठेवत आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू, हरभरा घेत. १९७०-८० च्या दशकांत त्या रिकाम्या पावसाळ्यात सोयाबीन शिरलं आणि शेतकऱ्याच्या हाती नगदी पैसा आला. जून-जुलैत पेरा, दसरा-दिवाळीच्या सुमाराला काढणी, लगेच गव्हाची तयारी. दोन पिकांच्या मधे जेमतेम उसंत मिळते. काढणीच्या तोंडावर पाऊस लांबला की शेंगा शेतातच फुटतात आणि रब्बीचा पेराही मागे पडतो. विहिरी आणि कूपनलिका वाढल्या त्याही याच काळात, कारण दोन पिकांना नुसती ओल पुरत नाही.

उत्तर इंग्लंडमधल्या मार्डेल ग्रीन या खेड्याची गोष्ट नेमकी उलटी. मँचेस्टर शहराला पाणी हवं होतं, म्हणून १९३० च्या दशकात तिथल्या हॉजवॉटर तळ्याचं पाणी वर चढवलं गेलं. दफनभूमीतले अवशेष शॅप गावी नेले, घरं पाडली, चर्चचेही दगड काढले. कडक दुष्काळात अजूनही तिथल्या कुंपणांच्या भिंती आणि एक छोटा पूल उघडे पडतात. तिथे तळं येऊन गाव गेलं, इथे तळं गेल्यावर गावं आली; निर्णय मात्र दोन्हीकडे गावाबाहेरच्यांचा होता.

भोजपूरच्या बाबतीत तो अजूनही तसाच आहे. भोपाळमधून येणारी कलियासोत इथेच बेतवेला मिळते आणि शहराचं सांडपाणी सोबत आणते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली या नदीच्या दोन्ही काठांवर ३३ मीटरचा हरित पट्टा राखायला सांगितलं, तरी अतिक्रमणांचा प्रश्न त्यानंतरही लवादापुढे येत राहिला. महाशिवरात्रीला भोजपुरात मोठी जत्रा भरते. त्या दिवशी घाटावर उतरणाऱ्या माणसांना आणि एरवी त्याच नदीकाठी शेती करणाऱ्यांना पाणी कसं मिळेल, हे वरच्या अंगाला भोपाळ आपलं सांडपाणी किती शुद्ध करून सोडतं यावर ठरतं.