अडकित्त्याची रात्र

आमच्या टूरच्या धंद्यात प्रवाशांना ‘पॅक्स’ म्हणतात. मुंबई-गोवा क्रूझवर मी पुण्या-नाशकाकडचे पुष्कळ पॅक्स चढवलेत, आणि दर वेळी बुकिंगच्या टेबलावर तीच घासाघीस: ‘आदल्या रात्रीचं हॉटेल कशाला? सकाळी आठला निघालो तर बाराला मुंबईत. उगाच खर्च.’

एकदा मी ऐकलं. बोरघाटात टँकर आडवा झाला आणि आम्ही चार तास घाटात चिक्की खात बसलो. बॅलार्ड पिअरला पोचलो तेव्हा बोर्डिंग बंद. जहाज मात्र धक्क्यालाच लागलेलं. एका काकूंनी गेटवरच्या माणसाला विचारलंसुद्धा, ‘अहो, शिडी तर लावलेलीच आहे की!’ होती लावलेली. पण प्रवाशांची यादी एकदा बंद झाली की उशिरा येणाऱ्यांसाठी ती कोणी उघडत नाही. जहाज बंदराबाहेर काढून देणारा पायलट, ओढणाऱ्या टग बोटी, सगळ्यांची वेळ बांधलेली असते. त्या दिवशी अठ्ठावीस जणांना मी गेटवेला नेलं आणि अर्ध्या तासाची फेरी मारणाऱ्या लाँचमध्ये बसवलं. कोणी हसलं नाही.

तेव्हापासून आदल्या संध्याकाळी फोर्टात मुक्काम. पॅक्ससाठी ती आरामाची रात्र. माझी खरी ड्यूटी तिथेच सुरू होते.

सात वाजता हॉटेलच्या लॉबीत मीच स्कॅनर होतो. बॅगा उघडायच्या. लोकांना वाटतं जहाज म्हणजे तरंगतं हॉटेल, पण जहाजवाले आगीला जेवढे भितात तेवढे वादळालाही भीत नसतील. इस्त्री, चहाची इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायचा रॉड, सगळं बाहेर. मग आधार कार्डावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळवायचं; लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बायकांच्या एका कागदावर माहेरचं आडनाव हमखास निघतं. शेवटी औषधं. मोठी बॅग धक्क्यावर ताब्यात घेतात, ती खोलीच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होते. बीपची गोळी त्या बॅगेत राहिली की माझी बीपची गोळी मला लागते.

अशाच एका तपासणीत वाईच्या एका आजोबांच्या कापडी पिशवीतून पितळी अडकित्ता निघाला. वडिलांचा. कडीशी झिजून गुळगुळीत झालेला, पात्याला मात्र धार अशी की मी बोट लावून लगेच काढून घेतलं.

‘आजोबा, हा धारदार म्हणून काढून घेतील.’

‘सुपारी कातरायला पातं बोथट ठेवायचं का?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अडकित्ता हॉटेलच्या काउंटरवर ठेवून जायचं ठरलं. ‘सकाळी देतो,’ म्हणाले. तोंड उतरलेलं होतं.

जेवायला बाजारगेटला पंचम पुरीवाल्याकडे गेलो आणि मग पाय मोकळे करायला बॅलार्ड इस्टेटमध्ये. ऑफिसं सुटल्यावर हा भाग इतका रिकामा होतो की मुंबई आहे यावर पॅक्सचा विश्वास बसत नाही. पिवळसर दगडांच्या एकसारख्या उंचीच्या इमारती, रुंद फुटपाथ, पायरीवर झोपलेलं एखादं कुत्रं. गेटवे ज्याने बांधला त्या जॉर्ज विटेटचीच ही आखणी. पायाखालची जमीन समुद्रात भर घालून केलेली. शेजारी अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, खणताना निघालेली माती इथे पडली. 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल काही काळ बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरूनच सुटायची. विलायतेची बोट लागली की साहेब बोटीतून उतरून थेट पेशावरच्या गाडीत बसायचा. त्याला मुंबईत रात्र काढायची गरजच नव्हती. आमच्याकडे बोरघाट आहे.

‘जहाज दाखवा ना,’ हा हट्ट इथे हटकून होतो. रात्री दाखवण्यासारखं जहाज बहुतेक वेळा बंदरात नसतंच. ते बाहेर समुद्रात असतं, आधीच्या पॅक्सना घेऊन. सकाळी लागतं, ते लोक उतरतात, काही तासांत चादरी बदलतात आणि दुपारी आपण ‘नव्या कोऱ्या’ खोलीत शिरतो. हे मी पॅक्सना सांगत नाही. आणखी एक सांगत नाही: मी दिलेली वेळ खरीपेक्षा एक तास अलीकडची असते. सदाशिव पेठेतल्या एका बाईंनी मात्र पहिल्याच घोषणेला चष्मा वर करून विचारलं, ‘आणि खरी वेळ?’

अडकित्ता निघाला त्या रात्री साडेअकराला मी मजल्यावरून शेवटची फेरी मारली. सगळ्या खोल्यांचे दिवे गेलेले. एकाच दाराखाली उजेड आणि आतून कट्, कट्, कट्. दार ढकललं. आजोबा पलंगावर वर्तमानपत्र पसरून बसलेले. पुढ्यात कातरलेल्या सुपारीचा ढीग, कागदासारखी पातळ पापडी. दोन रात्रींचा हिशेब करून डबी भरत होते, माझा स्कॅनर टाळायला नव्हे, मान राखायला.

‘अडकित्ता नको ना? मग सुपारी तयार नेतो. बस. घे चिमूटभर.’

बसलो. त्या रात्री मीसुद्धा अर्धा तास पॅक्स होतो. डबी दुसऱ्या दिवशी स्कॅनरमधून बिनबोभाट गेली.

तुम्ही क्रूझ बुक कराल तेव्हा आदल्या रात्रीची मुंबईतली खोली आधी बुक करा. आणि वेळेबद्दल टूरवाल्याला दोनदा विचारू नका.