मे महिन्यातले स्कीइंग

वर्धा जिल्ह्यातल्या कुटुंबांना स्कीइंग दिसते ते बहुधा मे महिन्यात. सहलीची तारीख बर्फ नव्हे, शाळा ठरवते. मेमध्ये पारा ४५ अंशांपलीकडे जातो, विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या मोकळ्या दिवसांत मनाली किंवा काश्मीरची सहल आखली जाते. भारतात स्कीइंगचा हंगाम मात्र जानेवारी ते मार्च, म्हणजे ऐन परीक्षांचा काळ. परतलेल्या पर्यटकांच्या बऱ्याचशा तक्रारींचे मूळ इथेच आहे.

मेमध्ये मनालीजवळच्या सोलंगला हिरवळ असते आणि तिथे पॅराग्लायडिंग चालते. बर्फासाठी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड गाठावी लागते आणि तिथे जाणाऱ्या गाड्यांना रोजची मर्यादा आहे. काश्मीरमधल्या गुलमर्गला गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगाला सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथे उरलेला बर्फ दिवसा वितळतो, रात्री गोठतो. सकाळी तो दगडासारखा टणक, दुपारनंतर नुसता रबरबाट. भाड्याचा ओलसर गमबूट, कुणाकुणाच्या अंगावरून आलेला ओव्हरकोट, दरावरून घासाघीस, मग मदतनिसाचा हात धरून थोडेसे घसरणे आणि फोटो. ‘पैसे गेले, मजा आली नाही’ हा शेरा त्या तासापुरता रास्तच आहे. स्कीइंगविषयी त्यातून फारसे काही कळत नाही.

खऱ्या स्कीइंगमध्ये बूट ताठ असतो, घोटा जवळजवळ जखडलेला. अंगाचा भार पुढे, नडगी बुटावर टेकलेली ठेवायची. पायाखालच्या स्कीच्या पट्ट्यांची टोके जवळ आणि मागची बाजू फाकवली की वेग कमी होतो. नवशिक्याला हाच ब्रेक आधी शिकवतात. घोटाळा असा, की उतार पाहून माणूस घाबरतो आणि मागे रेलतो. मागे रेलले की पुढच्या भागावरची पकड जाते आणि पट्ट्या सुसाट निघतात. मुलांना पडण्याची धास्ती कमी, म्हणून ती आईवडिलांच्या आधी सावरतात. प्रौढांना मागे रेलण्याची सवय मोडायला काही दिवस लागतात. उत्तराखंडातल्या औलीला गढवाल मंडल विकास निगमाचे अभ्यासक्रम ७ आणि १४ दिवसांचे असतात, ते उगाच नव्हे.

कुटुंबासाठी गुलमर्ग सोयीचे. गावालगतचे सौम्य उतार शिकाऊंना पुरतात, लहानग्यांना स्लेज असते आणि आजी-आजोबांना गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याने कोंगडोरीपर्यंत जाता येते. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी दुसऱ्या टप्प्याचे तिकीट डॉक्टरांना विचारूनच काढावे. तिथे हवा विरळ आहे. अफरवटचे वरचे उतार कसलेल्यांचे आहेत, तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. एकाच गावाला कोणी ‘पोरांसाठी छान’ म्हणतो आणि कोणी ‘जिवावरचे’, ते दोघेही आपापल्या उंचीपुरते बरोबर असतात.

औलीचे उतार स्वच्छ, समोर नंदादेवी, गर्दीही कमी. पण वाट लांबची. जोशीमठाहून वर नेणारा सुमारे ४ किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचू लागल्यावर बंद करावा लागला, त्यामुळे निघण्यापूर्वी वर जायची सोय विचारून घ्यावी.

हिवाळ्यात गुलमर्गला जाताना पायथ्याच्या तंगमर्गनंतर चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणे सुमारे ८० टक्के परतवतो; थंडीतही त्वचा भाजते, म्हणून काळा चष्मा आणि सनस्क्रीन हवेच. हातमोज्यांचे दोन जोड असावेत, एक जोड भिजतोच.

वर्षअखेरच्या सुट्टीत बर्फ मिळेलच असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बराच काळ कोरडे होते, आणि तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ पडल्यावर फेब्रुवारीच्या उत्तरार्धात झाल्या. शिकायचेच असेल तर फेब्रुवारी बरा. ज्यांच्या घरी बारावीचे वर्ष नाही, त्यांना तो साधतो.